चांगल्या उंदरांची परात

मालन ओव्हाळच्या नाकाला सगळी संस्था टरकून असे. मुलुंडला चेकनाक्याच्या अलीकडे, आहारावर संशोधन करणारी ती संस्था. तिथल्या कँटीनवाल्यानं कालच्या तेलात आज वडे तळले, की मालन दारातूनच माघारी वळायची. ती वळली की तिच्या मागची चार माणसं वळायची, आणि कँटीनवाला कपाळावर हात मारून घ्यायचा. "बाई, आत तरी या आधी, चव तरी घ्या!" तो ओरडायचा. मालन न थांबता सांगायची, "चव कशाला घ्यू? वास आलाय की समदा."

हे नाक तिला आईकडून आलं होतं. मालनचं माहेर लातूरकडचं. तिथल्या एका तेलाच्या मिलमध्ये तिची आई राधाबाई करडई पाखडायला जायची. एखादा आडत्या नव्या करडईत जुनी मिसळून आणायचा, तेव्हा मुकादम राधाबाईला हाक मारायचा. ती मूठभर दाणे तळव्यावर चोळायची, नाकाशी न्यायची आणि 'नवं' नाहीतर 'जुनं' एवढंच म्हणायची. त्यावर पोतं आत जायचं, नाहीतर गाडीत परत चढायचं. राधाबाईला तिथं पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. पण तिच्या शब्दावर शब्द टाकायची मालकाचीसुद्धा हिंमत नव्हती. लहानगी मालन सुपाशेजारी बसून हे दोन्ही बघत मोठी झाली, आणि दोन्ही गोष्टी तिनं आयुष्यभर लक्षात ठेवल्या.

लग्नात राधाबाईनं लेकीला एकच मोठी वस्तू दिली. पितळेची परात. काठावर नाव घातलेलं: 'चि. मालन हिस आई राधा हिजकडून'. ती परात घेऊन मालन मुंबईला आली, नाहूरला एका चाळीत राहिली. नवरा अंबादास भांडुपच्या कारखान्यात. नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं, आणि असतं तरी मालन चालतच गेली असती. संस्थेच्या उंदीरखान्यात तिला काम मिळालं होतं. पिंजरे धुवायचे, पांढऱ्या उंदरांचं खाद्य मळायचं, त्यांना घालायचं. सहा वर्षं ती टेंपररी होती. आता कुठं कायम करायचे कागद वर गेले होते. तेलाच्या कपाटाची चावी तिच्याकडे असायची, पदराच्या टोकाला गाठ मारून. या चावीवर स्टोअरकीपर धोंडू परबचा पहिल्यापासून डोळा. स्टोअर त्याचं, कपाट त्याचं, आणि चावी मात्र या बाईकडे, हे त्याच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

चौऱ्याऐंशी साली घाटकोपरहून एक मुलगी तिथं पीएच.डी. करायला आली. अनुपमा. हुशार, किडकिडीत, आणि जेवणाचा डबा हमखास विसरणारी. मालननं पहिल्याच आठवड्यात तिला आपल्यातली अर्धी भाकरी दिली आणि विचारलं, "बाई, तुम्ही नेमकं करनार काय ह्या उंदरांचं?"

दुसऱ्या कुणी 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणून विषय संपवला असता. अनुपमानं भाकरी खाली ठेवली आणि सांगायला लागली.

"मालनताई, आपण खातो ते आधी लिव्हरकडे जातं, यकृताकडे. तिथं एन्झाइम असतात. ते तिथले कामकरी समजा. औषध असो, विष असो, साखर असो, सगळं तेच निस्तरतात. आता तेल पुन्हा पुन्हा तापवलं, की त्यातल्या चरबीला हवा लागून ती बिघडते. बिघडलेली चरबी पोटात गेली, की लिव्हरमधल्या चांगल्या चरबीलाही बिघडवते. तिनं शेजारची बिघडवली, शेजारचीनं तिच्या शेजारची. त्यात ते कामकरी मरतात."

"म्हंजे चाळीला आग लागल्यावानी."

"अगदी तसंच. आणि मला वाटतं, ई जीवनसत्त्व मधे उभं राहतं. आगीत आधी स्वतः जळतं, म्हणून एन्झाइम वाचतात. तेच सिद्ध करायचंय."

मालननं क्षणभर विचार केला. "चुलीवरनं पातेलं उतरवताना फडकं धरतो का न्हाई? फडकं करपतं, हात वाचतो. तसं."

अनुपमानं वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मालनला हसू आलं. पण घरी जाताना नाहूरपर्यंतचा रस्ता तिला त्या दिवशी कधी संपला ते कळलं नाही.

उंदरांचे तीन गट झाले. पहिल्या गटाला करडईचं ताजं तेल. दुसऱ्याला तेच तेल, पण तासन्‌तास तापवून खवट केलेलं. तिसऱ्याला खवट तेल आणि वरून ई जीवनसत्त्वाचा थेंब. करडईत मुळात असलेलं ई जीवनसत्त्व अनुपमानं आधी काढून टाकलं होतं, नाहीतर कशानं काय झालं ते कळलं नसतं. त्यामुळे ते तेल अगदी उघडं पडलेलं होतं. त्याला जपायला आत कुणी उरलं नव्हतं. मालननं पीठ, डाळीची पूड, सुकटीची पूड आणि ज्याचं त्याचं तेल घालून तीन वेगळे गोळे मळायचे आणि आठवडाभर तेच पुरवायचे.

दुसऱ्या गटाचा गोळा ती ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मळायची, तिसऱ्याचा इनॅमलच्या. पहिल्यासाठी संस्थेनं एक पोचे पडलेलं घमेलं दिलं होतं. ते बघून मालनचं मन उडालं. हे चांगले उंदीर, यांना चांगलं तेल, यांच्यावर सगळ्या प्रयोगाची भिस्त, आणि यांना पोचे पडलेलं घमेलं? पाहुण्याला कुणी फुटक्या कपात चहा देतं का? तिनं घरून आईची परात आणली. दर शनिवारी ती परात चिंच लावून, राखेनं घासून लख्ख करायची, सोमवारी तिच्यात चांगल्या उंदरांचा गोळा मळायची आणि झाकून ठेवायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं आणि कुणी हटकलंही नाही. भांडं स्वच्छ होतं, आणखी काय बघायचं?

आठ आठवडे गेले. उंदरांना मारायचा दिवस आला, त्या दिवशी मालननं नेहमीसारखा डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी अनुपमा काचेच्या नळ्या घेऊन बसली. यकृत वाटून त्यात एक औषध घालून उकळायचं. आत चरबी जितकी बिघडलेली, तितकी नळी गुलाबी होते. दुसऱ्या गटाच्या नळ्या गुलाबी झाल्या. तिसऱ्याच्या फिक्या राहिल्या. इथवर सगळं झकास. पण पहिल्या, चांगल्या गटाच्या नळ्याही गुलाबी झाल्या. जवळजवळ दुसऱ्याइतक्याच. एन्झाइम मोजले, तर तेही अर्ध्यावर आलेले. अनुपमानं पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. मग नळ्यांसमोर डोकं टेकून रडली. ज्यांच्याशी तुलना करायची तेच आजारी, म्हणजे सगळ्याच प्रयोगाची वाट लागली.

संस्थेचे प्रमुख डॉ. अनंत केरकर. बोलणं मोजकं, इस्त्रीचा शर्ट, आणि तर्क असा की सुरी फिकी पडावी. त्यांनी सगळ्यांना खाद्याच्या खोलीत बोलावलं. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत अकरा माणसं. कपाटातली बाटली वर धरून ते म्हणाले, "हे तेल अनुपमानं दर आठवड्याला तपासलंय. उत्तम आहे. उंदरांच्या पोटात गेलेलं तेल मात्र वाईट होतं. आता बाटली आणि उंदीर यांच्या मधे कोण आहे?"

अकरा माणसांचे डोळे मालनकडे वळले.

"साहेबांनू," धोंडू परब हळूच म्हणाला, "तेलाचो भाव खय जावन पोचलो हा, सगळ्यांका ठाव आसा. चांगला तेल घराक, नि रेशनचा उंदरांक... मी नाव कोणाचा घेत नाय."

"मीही कुणाला काही म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. "चावी तेवढी माझ्याकडे द्या, बाई. आणि ते कायम करण्याचे कागद मी सध्या थांबवतो."

मालननं पदराचं टोक हातात घेतलं. सहा वर्षांची गाठ, बोटांनी सुटेना. शेवटी तिनं ती दातानं सोडवली. तेवढा वेळ अकरा माणसं गप्प उभी राहून बघत होती, आणि त्यांतला एकही पुढं होऊन 'असू दे' म्हणाला नाही. अनुपमासुद्धा नाही. तिनं नंतर आयुष्यभर स्वतःला त्याबद्दल बोल लावला, पण त्या दिवशी ती खाली मान घालून उभी होती, हे खरं ते सांगितलंच पाहिजे.

संध्याकाळी अंबादासनं ऐकलं आणि तो भडकला. "लाथ मार त्या नोकरीला! उद्यापासून जाऊ नको."

"न जाऊन कसं चालंल?" मालन म्हणाली. "न्हाई गेले तर चोर म्हनून गेले असं हुईल. त्या खोलीत शिरताना माझं जे नाव हुतं, ते घिऊनच मी भाईर पडनार."

प्रयोग नव्यानं सुरू करायचं ठरलं. आता चावी डॉक्टरांकडे. सोमवारऐवजी शनिवारी दुपारीच अनुपमा स्वतः तेल मोजून आणायची, धोंडू शेजारी स्टूल टाकून पहारा करायचा, आणि मालन मळायची. पहिल्याच शनिवारी अनुपमानं परातीत तेल ओतलं, आणि तेवढ्यात कळलं की पिठाचं पोतं आलेलंच नाही. सुकटीची पूडही संपलेली. तेल परत बाटलीत ओतायचं नाही हा नियम. तेव्हा मालननं परातीवर झाकण ठेवलं, धोंडूनं खोलीला कुलूप घातलं आणि सगळे घरी गेले. ऑक्टोबरचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

सोमवारी सकाळी धोंडूनंच कुलूप काढलं. मालननं झाकण उचललं आणि ती जागच्या जागी थांबली.

तेल खवट झालं होतं. जरासं नाही, चांगलंच. आणि त्या वासाखाली आणखी एक वास होता, लहानपणापासून ओळखीचा. ताक चुकून कल्हई गेलेल्या भांड्यात राहिलं तर ते कळकतं, तोंडात घेववत नाही, तोच कळक. तिनं परात खिडकीकडे नेऊन तिरकी केली. तेलावर हिरवट झाक होती. बोटानं तेल बाजूला सारून बघितलं. तळाला पिवळंजर्द पितळ. पांढरी कल्हई राहिली होती ती फक्त काठाजवळ, चार ठिपक्यांपुरती.

दर शनिवारी चिंच. दर शनिवारी राख. भांडं लख्ख व्हावं म्हणून तिनं आपल्या हातानं कल्हई घासून काढली होती. उघडं तेल उघड्या पितळेवर आठवडा आठवडा राहिलं होतं, आणि वरून सुकटीचा उग्र वास, त्यामुळे जगाला भारी पडणारं तिचं नाकही फसलं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. चांगल्या उंदरांना सगळ्यांत वाईट भांडं दिलं होतं ते तिनंच.

मालन साधी होती, पण भोळी नव्हती. तिनं तिथंच उभ्या उभ्या सगळं तोलून बघितलं. परात पदराखाली घालून घरी नेली, तर कुणाला काही कळणार नव्हतं. पुढचा प्रयोग बरोबर येईल. पण तो बरोबर आला, की सगळे म्हणतील, बघा, चावी काढून घेतली आणि उंदीर बरे झाले! म्हणजे गप्प राहिली तर चोर, आणि बोलली तर तीन महिने पाण्यात घालवणारी अडाणी बाई. तिनं अडाणी व्हायचं ठरवलं. परात उचलून ती तशीच अनुपमाकडे गेली आणि म्हणाली, "बाई, चोर घावला. हा बघा. माझ्याच घरातला हाय."

अनुपमानं तेल हुंगून बघितलं, झटकन तपासलं आणि मालनचा हात धरून तिला डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेलं. मागोमाग धोंडूही गेला, पहारेकरी म्हणून.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पितळेत तांबं असतं आणि तांब्यानं तेल झपाट्यानं बिघडतं, हे मलाही माहीत आहे," ते म्हणाले. "शनिवारचं तेल बिघडलं, मान्य. पण आधीच्या आठ आठवड्यांचं काय? इतकं बिघडलेलं तेल तुमच्या त्या प्रसिद्ध नाकाला एकदाही कळलं नाही? बाई, एक तर तुमचं नाक खोटं, नाहीतर ही गोष्ट."

आता मात्र मालनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सुकटीच्या वासात फसलं, साहेब. एकदा फसलं म्हनून खोटं कसं? नुसतं तेल द्या. माझ्या म्होरं कितीबी वाट्या मांडा आन् बघा. एक जरी चुकली, तरी आत्ताच्या आत्ता जाते. कागदावर अंगठा घ्या, न्हाईतर सही. मला सही येती."

डॉक्टरांना तर्क आवडायचा आणि पैजही आवडायची. दोन दिवसांनी त्यांच्या टेबलावर नऊ वाट्या आल्या. प्रत्येकीच्या बुडाला नंबर. कुठली किती खवट ते अनुपमानं रसायनं घालून मोजलं होतं आणि आकडे लिहून पाकीट बंद केलं होतं. ती स्वतः खोलीबाहेर थांबली, तिच्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून. आत डॉक्टर, धोंडू आणि मालन.

मालननं पहिली वाटी नाकाशी नेली, खाली ठेवली आणि स्वतःचा पदर हुंगला.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईनं शिकवलंय. आपला वास वळखीचा असतो. त्यो घेतला की नाक पुसून निघतं."

वाटी, पदर. वाटी, पदर. तिनं घाई केली नाही. हळूहळू वाट्या जागा बदलायला लागल्या, डावीकडे ताजी, उजवीकडे खवट. आठ वाट्या ओळीत लागल्या. त्यातली चौथी आणि पाचवी तिनं एकमेकींना चिकटवून ठेवली.

"ह्या दोन एकच हायत. एका तेलाच्या दोन वाट्या."

डॉक्टर हसले. "चुकलात. नऊ वाट्यांना नऊ नंबर आहेत."

"नंबर असू द्या नव्वद. तेल एकच हाय."

नववी वाटी अजून तिच्या हातात होती. तिनं ती तीनदा हुंगली, तिन्ही वेळा मधे पदर. मग कपाळावरची आठी सुटली.

"साहेब, ही परातीत ऱ्हायलीय. नीट शोधलं की कळक लागतो नाकाला. पन खवट न्हाई. परातीत ऱ्हाऊन खवट न्हाई म्हंजे..." तिनं ती वाटी ओळीच्या डावीकडे, ताज्या तेलाच्या शेजारी ठेवली. "हिच्यात बाईंनी त्यो थेंब घातलाय. ई का काय ते. फडकं!"

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. एकेक वाटी उलटी करून नंबर बघत गेले. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी. चौथी-पाचवीपाशी ते थांबले. कागदावर अनुपमाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'एकच नमुना, मुद्दाम दोनदा.' पुढच्या तिन्ही बरोबर. आणि नववीपुढे: 'पितळ, दोन दिवस, ई जीवनसत्त्व घातलेलं.'

"आवशीचो घोव!" धोंडूच्या तोंडून निघून गेलं, आणि साहेबांसमोर आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली.

डॉक्टरांनी कागद घडी करून ठेवला. मग ते खुर्चीतून उठले, दार उघडून अनुपमाला आत घेतलं आणि म्हणाले, "तीन नव्हे, पाच गट करायचे. ताजं तेल इनॅमलच्या भांड्यात. खवट. खवट आणि ई. मग परातीतलं. आणि परातीतलं अधिक ई. लिव्हर काय म्हणतं ते बघू. आपल्या अर्ध्या घरांतून तेल असल्या भांड्यात राहतं, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही." ते मालनकडे वळले. "परात आम्हाला आठ आठवडे द्याल?"

"देते. पन नाव हाय त्याच्यावर. परत पायजे."

चावीबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत, आणि मालननंही विचारलं नाही. आठ आठवडे तिनं घरी स्टीलच्या ताटात पीठ मळलं. ताट लहान, पीठ बाहेर सांडायचं. अंबादास म्हणायचा, "परातीला नोकरी लागली, आता पगार कधी?" परात संस्थेत होती. काठावर आईचं नाव, आणि त्याच्या शेजारी अनुपमानं चिकटवलेली चिठ्ठी: 'गट चार, गट पाच', कारण दोन्ही गोळे तिच्यातच, अंतर ठेवून राहायचे. मालन रोज सगळ्या गटांना सारख्याच मायेनं खायला घालायची. फक्त आता तिनं चिंच लावली नाही, आणि गोळा मळायच्या आधी प्रत्येक भांड्यातलं तेल हुंगल्याशिवाय पीठ पडू दिलं नाही.

डिसेंबरच्या अखेरीस नळ्या लागल्या. पाच ओळी. अनुपमानं मालनला आधी बोलावलं, डॉक्टरांच्याही आधी. दोघी गरम पाण्याच्या भांड्यासमोर उभ्या राहिल्या. पहिली ओळ पाण्यासारखी राहिली. दुसरी गुलाबी झाली. तिसरी जेमतेम लाजली. चौथी, परातीतली, चढत चढत दुसरीच्या बरोबरीला आली. पाचवी. तेल तेच, परातही तीच, दिवसही तितकेच, फक्त एक थेंब जास्त. पाचवी ओळ वाट बघत राहिली, वाट बघत राहिली आणि फिकीच राहिली.

"एन्झाइम?" मालननं विचारलं. तो शब्द तिच्या तोंडात आता चांगला रुळला होता.

"काल मोजले," अनुपमा म्हणाली. "पाचव्या गटाचे जवळजवळ पहिल्याइतके. वाचले, मालनताई. सगळे कामकरी वाचले!" आणि तिनं मालनला मिठी मारली, ॲप्रनसकट. दोघी एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. त्या भरातच अनुपमा म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मला माफ करा." मालन म्हणाली, "करते. पन डबा इसरू नका उद्यापासनं."

दुपारी डॉक्टरांनी मालनला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर परात होती, धुऊन पुसून. परातीत मालनचे कायम होण्याचे कागद, सही झालेले. आणि कागदांवर चावी.

"बाई, चूक माझी होती," डॉक्टर म्हणाले. माणूस ताठ, त्यांना हे बोलायला जड गेलं असणार, पण ते बोलले. "ही तुमची चावी."

मालननं परात घेतली. कागद घेतले, घडी घालून ब्लाउजमध्ये खोचले. चावीला हात लावला नाही.

"घ्या ना."

"साहेब, ही तुम्ही हितं न्हाई घेतली माझ्याकडनं," मालन म्हणाली. आवाज चढला नव्हता. "खाद्याच्या खोलीत घेतली. अकरा मानसं हुती. ज्यांच्याम्होरं घेतली, त्यांच्याम्होरं द्या."

तर्कात कुठं फट नव्हती. डॉक्टर केरकर उठले, चावी मुठीत घेतली आणि स्वतः एकेका खोलीत जाऊन माणसं गोळा करून आणली. शिपाई आला, ग्रंथपालबाई आल्या, माळी हात पुसत आला. अकराच्या अकरा. धोंडू परब सगळ्यांत मागं, दाराआड उभा होता. "पुढे या, परब," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तर हवेतच." मग त्यांनी सगळ्यांसमोर स्वच्छ शब्दांत सांगितलं, की मालन ओव्हाळ यांनी तेलाचा एक थेंबही नेला नव्हता, की आपण त्यांच्यावर संशय घेतला तो चुकीचा होता, आणि आपल्याला सापडलं नाही ते त्यांनी शोधून काढलं, तेसुद्धा स्वतःची चूक आपण होऊन सांगून. एवढं बोलून त्यांनी चावी पुढं केली, दोन्ही हातांनी.

मालननं ती घेतली. सगळ्यांच्या देखत, सावकाश, पदराच्या टोकाला गाठ मारली. एक, आणि वर आणखी एक. अकरा माणसं गप्प उभी राहून बघत होती, आणि या वेळी तिला कसलीही घाई नव्हती.

मग ती कपाटाकडे गेली, कुलूप उघडलं, नवीच आलेली बाटली काढली, बूच काढून हुंगली आणि मागं वळली.

"धोंडूभाऊ," ती म्हणाली, "जुनं हाय. परत पाठवा."

धोंडूनं पुढं होऊन बाटली घेतली, आणि परत पाठवायला निघाला.